१९३७ची एमजी टीए पुन्हा उभी करायची, तर आधी तिचे घराणे ओळखा

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९३७ सालची एमजी टीए मिजेट पुण्यात एका शेडमध्ये बरीच वर्षे झाकून पडली आहे. इंजिन जाम आहे, डावे दार लोंबते, मागचे चाक हातांनी हलवले की 'कट्ट' असा आवाज येतो. एक मिस्त्री म्हणतो पुढच्या टीसी मॉडेलचे इंजिन टाका, दुसरा म्हणतो आधी बॉडी उतरवून रंगाला पाठवा. सुरुवात कुठून करायची, आणि या गाडीला इतिहासात काही स्थान आहे का?

सुरुवात पाना खाली ठेवण्यापासून. इतिहासाचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण उत्तर तिथूनच सुरू करतो. या गाडीत कुठे कोणते आटे आहेत, क्लचमध्ये तेल का आहे, इंजिन कुठल्या वेगाला दमते, हे सगळे १९३५ सालच्या एका व्यवहारातून आले आहे. तो माहीत नसेल तर चांगल्यातला चांगला मिस्त्रीसुद्धा पहिल्याच आठवड्यात ब्लॉकमधले आटे मारून बसतो.

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमधली विल्यम मॉरिसची गाड्या विकण्या-दुरुस्त करण्याची पेढी. तिथला व्यवस्थापक सेसिल किंबर याने मॉरिसच्या साध्या गाड्यांवर देखण्या, चपळ बॉड्या चढवायला सुरुवात केली आणि त्यातून वेगळी कंपनी उभी राहिली. १९२९पासून तिचा कारखाना ॲबिंग्डनला होता. तिथल्या छोट्या मिजेट गाड्यांना, म्हणजे एम, जे आणि पी या मॉडेलांना, वर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) असलेले, बहुतेक ८४७ सीसीचे नाजूक पण हौशी इंजिन होते. शर्यतींत त्यांनी नाव कमावले. ही कंपनी मॉरिसची, म्हणजे तोवर लॉर्ड नफिल्ड झालेल्या मालकाची, खाजगी मालमत्ता होती. जुलै १९३५मध्ये त्याने ती मॉरिस मोटर्सला विकली. नवा कारभारी लिओनार्ड लॉर्ड याने शर्यतीचा विभाग बंद केला आणि आराखड्याचे काम ॲबिंग्डनहून काउलीला, मॉरिसच्या मुख्य कारखान्यात नेले. पुढची मिजेट मॉरिस आणि त्याच गटातल्या वूल्झली कंपनीकडे तयार असलेल्या भागांतूनच करायची, असे ठरले.

जून १९३६मध्ये जाहीर झालेली टी मिजेट ती हीच. 'टीए' हे नाव तिला पुढे टीबी आल्यावर चिकटले. किंमत २२२ पौंड. वरच्या कॅमशाफ्टच्या जागी पुशरॉड (खालच्या कॅमशाफ्टवरून व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या काड्या), छोट्या इंजिनाच्या जागी १२९२ सीसी, मुळात वूल्झली टेन आणि मॉरिस टेनच्या कुळातले इंजिन. एमजीच्या जुन्या भक्तांनी नाके मुरडली. पण गाडी लांब-रुंद झाली (चाकांमधले अंतर ७ फूट १० इंच, रुंदीत ३ फूट ९ इंच), तारांच्या ब्रेकच्या जागी लॉकहीडचे हायड्रॉलिक ब्रेक आले आणि ५० अश्वशक्ती मिळाली. माझ्या मते नाके मुरडणारे चुकले. पी मिजेट बोटांवर नाचवायची गाडी होती, टीए रोज चालवायची. सुमारे ३,००० गाड्या बनल्या. १९३९च्या मेमध्ये नवे इंजिन घेऊन टीबी आली, ती ३७९ गाड्यांवर युद्धाने थांबवली. १९४५ची प्रसिद्ध टीसी म्हणजे तीच टीबी, बॉडी ४ इंचांनी रुंद केलेली. म्हणजे ज्या टीसीच्या जिवावर अमेरिकेला ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे वेड लागले, तिचा सांगाडा तुमच्या शेडमध्ये आहे.

आता गाडी ओळखून घ्या. एमजीमध्ये प्रत्येक मॉडेलची मोजणी २५१पासून सुरू व्हायची, कारण कारखान्याचा फोन नंबर 'ॲबिंग्डन २५१' होता. म्हणून टीएचे चासी नंबर ०२५१ ते साधारण ३२५३ या पट्ट्यातच असतात. नंबर चासीच्या पुढच्या डाव्या टोकावर, स्प्रिंग बसते तिथे ठोकलेला असतो. रंगाचे थर चढल्याने तो दिसत नाही. तिथे ग्राइंडर लावू नका. रंग काढायचे रसायन आणि पितळी ब्रश वापरा, मग कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या आणि जपून ठेवा. इंजिन नंबर 'एमपीजेजी'ने सुरू होत असेल तर इंजिन टीएचे, 'एक्सपीएजी' असेल तर ते टीबी-टीसीच्या घरातले. इंजिन नंबर ६८४च्या आधीच्या गाड्यांना एकाही गिअरमध्ये सिंक्रोमेश (गिअर बदलताना दात्यांचा वेग आपोआप जुळवणारी सोय) नाही. त्यानंतर तिसऱ्या-चौथ्याला आला. सुटे भाग मागवण्यापूर्वी हे ठरलेच पाहिजे, कारण 'टी मिजेटचे' म्हणून विकले जाणारे बरेच भाग टीसीचे असतात आणि बॉडीच्या रुंदीतल्या फरकामुळे ते टीएला बसत नाहीत.

मग आटे. याच जागी सगळ्यात जास्त नुकसान होते, म्हणून इथे थोडे थांबतो. पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच शस्त्रकंपनीने कॉव्हेंट्रीला कारखाना काढला होता. युद्ध संपल्यावर तो मॉरिससाठी इंजिने बनवू लागला आणि १९२३मध्ये मॉरिसने तो विकतच घेतला. यंत्रे फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक. पण इंग्लंडच्या गॅरेजांत पाने व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचे, म्हणून बोल्टांची डोकी व्हिटवर्थ मापाची. हा संकर टीएच्या इंजिन-गिअरबॉक्समध्ये जसाच्या तसा आहे. चासी, ॲक्सल आणि बॉडीवर मात्र बहुतेक ठिकाणी बीएसएफ, म्हणजे बारीक आट्यांचे ब्रिटिश इंची माप.

६ मिमीचा आटा १.० पिचचा (पिच म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमधले अंतर, मिमीत), म्हणजे आजच्यासारखाच. १० मिमीचा १.५, तोही आजच्यासारखाच. घात करतो तो ८ मिमीचा. तो १.० पिचचा आहे, बाजारातला ८चा बोल्ट १.२५चा. त्याहून वाईट म्हणजे चासीवरचा ५/१६ बीएसएफ बोल्ट. तो ७.९४ मिमी जाडीचा आणि सुमारे १.१५ पिचचा असतो. तो इंजिनच्या भोकात दोन-तीन आटे गुमान जातो, मग घट्ट होतो. माणसाला वाटते गंज असेल, तो जोर लावतो आणि ओतीव लोखंडातले आटे मरतात. म्हणून नियम असा ठेवा: कोणताही बोल्ट निम्म्यापर्यंत नुसत्या बोटांनी गेला पाहिजे. जात नसेल तर तो त्या भोकाचा नाही. ८ × १.० चा टॅप आणि डाय (आटे पाडायची हत्यारे) संच आधी मागवा. आटे साफ करायला टॅप फिरवताना तोही तोच आहे ना, हे पिच गेजने बघा. पान्यांचे तसेच. '१/४ व्हिटवर्थ' पान्याचे तोंड १३.३ मिमी असते. १३चा बसत नाही, १४चा सैल बसतो आणि कोपरे गोल करतो. व्हिटवर्थचे रिंग पाने आणि सॉकेट घेतल्याशिवाय काम सुरूच करू नये. ॲडजस्टेबल पाना तर शेडच्या बाहेर ठेवा.

प्रत्येक भाग उतरवताना त्याचे नट-बोल्ट त्याच भोकात परत हाताने लावून ठेवा किंवा वेगळ्या पिशवीत, चिठ्ठीसह. सगळे एका डब्यात टाकून रॉकेलमध्ये धुतले की दोन महिन्यांनी ते कोणाचे कोण हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

जाम इंजिन. गाडी ढकलून, ओढून किंवा स्टार्टर मारून सोडवायचा प्रयत्न करू नका. पिस्टनच्या रिंगा बोअरला गंजाने चिकटल्या असतील तर रिंगांचे तुकडे होतात, आणि व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकले असतील तर पुशरॉड वाकतात. आधी रॉकर शाफ्ट काढा म्हणजे व्हॉल्व्ह मोकळे राहतील. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये ५०-६० मिली डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल निम्मे-निम्मे ओता, आठ-दहा दिवस राहू द्या, खाली उतरले तर पुन्हा भरा. मग चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी हातांनी दोन-चार सेंटिमीटर पुढे-मागे झुलवा. एवढ्यानेही न हलल्यास हेड उतरवून पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके. इंजिन सुटले म्हणून लगेच चालू करायचे नसते. ते सुटणे फक्त नीट उघडता यावे यासाठी.

उघडल्यावर पाहायचे ते बेअरिंग. टीएच्या बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवर बसणाऱ्या टोकाला, आजच्यासारखे सुटे शेल नाहीत. कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा मऊ मिश्रधातू, ज्याला व्हाइट मेटल म्हणतात, थेट कनेक्टिंग रॉडमध्ये ओतलेला असतो. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या इंजिनात तो वरून छान दिसतो, पण खालून रॉडपासून सुटलेला असतो. परीक्षा सोपी आहे. रॉड स्वच्छ करून तेलात बुडवा, बाहेर काढून पुसा, मग व्हाइट मेटल आणि पोलाद यांच्या सांध्यावर बोटाने दाबा. तेलाचे बुडबुडे किंवा बारीक रेघ आली तर चिकटण गेली. नव्याने ओतणे हाच उपाय. हे काम करणारा कारागीर शोधताना तो कारच्या नव्हे, तर जुन्या स्टेशनरी इंजिनांच्या किंवा पंपांच्या बेअरिंगचे काम करतो का, हे विचारा. कौशल्य तिथे टिकून आहे.

ओतण्याची रीत: जुना धातू वितळवून काढणे, रॉड आम्लाने स्वच्छ करणे, कल्हई करणे, रॉड गरम असतानाच ओतणे, मग बोअर करणे. कल्हईत कसर राहिली की बाकी सगळे फुकट. थर पातळ असावा. जाड थर ठोके खाऊन लवकर तडकतो. क्रँक आधी मॅग्नेटिक तपासणीला (चुंबकाने लपलेले तडे शोधणारी) द्या, मग ग्राइंड करा, आणि बेअरिंग त्या मापाला शेवटी बोअर करा. क्रम उलटा केला तर दोन्ही कामे परत करावी लागतात. मोकळीक जर्नलच्या (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाच्या) दर इंच व्यासामागे साधारण एक हजारांश इंच. टर्नरला 'घट्ट बसव, चालून सैल होईल' असे सांगणारे भेटतील, त्यांचे ऐकू नका. व्हाइट मेटल गरम झाले की पुसले जाते.

याच जागी टीएची खरी मर्यादा कळते. बोअर ६३.५ मिमी आणि स्ट्रोक १०२ मिमी. मिनिटाला ४,५०० फेऱ्यांना पिस्टनची सरासरी गती सेकंदाला १५.३ मीटर होते. टीबी-टीसीच्या इंजिनाचा स्ट्रोक ९० मिमी आहे, त्याला तेवढी गती गाठायला जवळजवळ ५,१०० फेऱ्या लागतात, आणि त्याला पातळ शेल बेअरिंगही आहेत. म्हणून टीसीसारखी टीए पिळली की रॉड बाहेर येतो. ४.८७५ गुणोत्तराचा ॲक्सल (चाकाच्या एका फेरीला गिअरबॉक्समधून येणारा शाफ्ट ४.८७५ वेळा फिरतो) आणि १९ इंची चाकांवर टीए १,००० फेऱ्यांना सुमारे २७ किमी वेग देते. ३,००० फेऱ्यांना ८० किमी, ३,५००ला ९५च्या आत. तेवढ्यावर ठेवा, इंजिन वर्षानुवर्षे चालेल. एक्स्प्रेसवेवर ट्रकच्या पुढे जायच्या हट्टापायी तिला मारू नका.

क्लच हा भाग बहुतेकांना चकवतो. टीएच्या क्लच प्लेटला कॉर्कचे, म्हणजे बाटलीच्या बुचाचे तुकडे बसवलेले असतात आणि ती प्लेट इंजिनच्या तेलात फिरते. क्लचमध्ये तेल सापडले म्हणजे सील फुटले, असा निष्कर्ष काढून काही मिस्त्री तेलाचा मार्गच बुजवतात. पहिल्याच चढावर बुचे जळतात. नवी बुचे बसवल्यावर प्लेट रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजवा. बुचांची उंची सगळीकडे सारखी हवी, नाहीतर गाडी सुटताना थरथरते. तेल निवडताना घर्षण कमी करणारी मिश्रणे असलेले आधुनिक पातळ तेल टाळा, क्लच घसरतो. झिंक असलेले साधे २०डब्ल्यू-५० ठीक. मात्र इंजिन पूर्ण उघडून साफ केले नसेल तर असे डिटर्जंट तेल तळाचा जुना गाळ सोडवते आणि तो ऑइलच्या वाटांमध्ये अडकतो. त्यामुळे 'आधी जरा चालवून बघू, मग उघडू' हा मार्ग टीएला नाही.

आता दार. ते बिजागरीमुळे लोंबत नाही. टीएची बॉडी म्हणजे ॲश लाकडाच्या सांगाड्यावर ठोकलेला पातळ पोलादी पत्रा, आणि दारे मागच्या खांबावर टांगलेली, पुढून उघडणारी. तो खांब आणि खालचे आडवे लाकूड जिथे मिळतात तो सांधा पाणी धरतो आणि कुजतो. बिजागरीचे स्क्रू मोठे करून किंवा लाकडात एपॉक्सी भरून दार वर येते, पण सहा महिन्यांत पुन्हा खाली. यात नुसता देखणेपणाचा प्रश्न नाही. मागे बिजागरी असलेले दार चालत्या गाडीत निसटले तर वारा ते सताड उघडतो.

तपासायला बारीक आर किंवा पातळ स्क्रूड्रायव्हर घ्या. खालचे दोन्ही आडवे, चारही खांबांचे तळ, मागच्या पेट्रोल टाकीजवळची चौकट आणि डॅशबोर्डखालचा सांगाडा, इथे टोचून बघा. काही मिमी जाते तिथे लाकूड नाही, भुसा आहे. खिळ्यांभोवतीचे काळे डाग म्हणजे लोखंडाचा गंज लाकूड खातो आहे. आपल्याकडे यात वाळवीची भर. वाळवी वरचा पापुद्रा तसाच ठेवते, म्हणून बोटाने ठोकून पोकळ आवाज ऐका.

लाकूड कोणते? ॲश लवचीक असते, धक्के पिते, सरळ रेषांचे असते, म्हणून इंग्लंडात कुऱ्हाडीचे दांडे त्याचेच. पण पाण्यात टिकत नाही. आपले सुतार साहजिकच सागवान सुचवतील. साग पाण्याला, वाळवीला उत्तम, मापात स्थिर, पण धक्क्याला ॲशइतका लवत नाही, त्याचे पातळ वळणदार भाग स्क्रूपाशी चिरतात. तेलकट असल्याने एपॉक्सीही नीट धरत नाही. चिकटवण्याआधी सांधा ॲसिटोनने पुसावा लागतो. खालचे सरळ आडवे सागाचे चालतील, खांब आणि वळणाचे भाग आयात ॲशचेच करा. कापताना रेषा भागाच्या लांबीतून जायला हव्यात, आडव्या आल्या तर तो भाग वळणावर तुटणारच. ओलावा १० ते १२ टक्क्यांवर असलेले लाकूड घ्या. पावसाळ्यात कापून हिवाळ्यात जोडलेले सांधे सुटतात. सगळ्या कापलेल्या टोकांना दोन-तीन हात सीलर लावल्याशिवाय पत्रा चढवू नका, पाणी टोकातूनच चढते.

आणि 'आधी बॉडी उतरवून रंगाला' हा सल्ला मानू नका. बॉडी उतरवण्याआधी दारांच्या चौकटीत कर्णरेषेने लोखंडी पट्ट्या बोल्टने ताणून बसवा, दोन्ही कर्ण मोजा, दारांभोवतीच्या फटी चार-चार जागी मोजून लिहा. कुजलेला भाग एका वेळी एकच काढा आणि जुना भाग, कितीही भुसभुशीत असला तरी, नमुना म्हणून ठेवा. नवा सांगाडा टेबलावर नव्हे, खऱ्या चासीवर, चाके लावून, दारे टांगून जुळवा. चासी आणि बॉडी यांच्यामध्ये पट्ट्या असतात. त्या एक-दोन मिमी कमीजास्त केल्या की दाराची फट वरून उघडते किंवा मिटते. बॉनेटचे तसेच. त्याचे बसणे रेडिएटरच्या दोन आधारदांड्यांवर आणि डॅशच्या भिंतीच्या उभेपणावर ठरते. रंग झाल्यावर हे कळले तर बॉनेटच्या कडा पेंटसकट कापाव्या लागतात. म्हणून रंगाआधी गाडी एकदा संपूर्ण, दिवे आणि मडगार्डांसह, कोरडी जोडून पाहायचीच. वेळ खाणारे हे काम आहे, आणि बहुतेक अर्धवट राहिलेल्या टीए याच पायरीला वगळल्यामुळे अर्धवट राहिल्या.

चासी. पुढच्या अर्ध्या भागात चॅनेल बंद पेटीसारखे केलेले आहे, आत गंज लपतो. बारीक हातोडीने ठोकत जा, आवाज बदलला की थांबा. स्टिअरिंग बॉक्सच्या बैठकीभोवती तडे शोधा. कर्ण मोजा, ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर आधी चासी सरळ. मागे चासी ॲक्सलच्या खालून जाते, हीच या गाडीच्या बुटकेपणाची युक्ती. पण त्यामुळे चिखलही तिथेच बसतो. पानपट्ट्यांच्या स्प्रिंगांना मागे शॅकल (झुलत्या कड्या) नाहीत, त्या सरकत्या ट्रनियनमध्ये, म्हणजे कांस्याच्या खाचेत घुसतात. ग्रीस मिळाले नाही की मुख्य पानाचे टोक कांस्याचा भाग खाते आणि गाडी मागून वेगळीच चालायला लागते. लोक टायर बदलत बसतात.

स्टिअरिंग बिशप कॅमचे, म्हणजे पिळदार खाचेत (कॅम) सरकणाऱ्या खुंटीचे (पेग). ते मधोमध झिजते, कारण गाडी बहुतेक वेळ सरळ जाते. झाकणाखालच्या शिम (पातळ चकत्या) काढून मधला सैलपणा पूर्ण घालवला तर टोकांना, जिथे झीज नाही, तिथे ते आवळते. वळणावर चाक अडकण्यापेक्षा मध्ये थोडा चाळा बरा. झीज फार असेल तर कॅम आणि पेग बदलणे, दुसरा मार्ग नाही.

तुमचा 'कट्ट' आवाज. तो दोन जागांहून येऊ शकतो. गाडी स्टँडवर घ्या, एकाने ब्रेक दाबून धरावा, दुसऱ्याने चाक पुढे-मागे फिरवावे. चाक हलते पण हब हलत नाही, तर तारेच्या चाकाचे आणि हबचे दाते झिजले आहेत. मग ब्रेक सोडून चाक हलवा: हब आणि ड्रम हलतात पण हाफ शाफ्ट (चाकाला फिरवणारा ॲक्सलमधला दांडा) हलत नाही, तर हब त्याच्या निमुळत्या टोकावर सैल आहे. दुसरे जास्त धोक्याचे. तिथे हब एका चावीवर आणि घट्ट नटावर उभा असतो. नट सैल राहिला तर चावीचा गाळा रुंदावतो, त्याच्या कोपऱ्यातून शाफ्टला तडा जातो आणि चाक शाफ्टच्या तुकड्यासह निघून जाते. शाफ्ट मॅग्नेटिक तपासणीशिवाय परत लावू नका. निमुळते टोक आणि हब निळ्या शाईने एकमेकांवर घासून पाहा, शाई तीन-चतुर्थांश भागाला लागली पाहिजे. तिथे ग्रीस लावायचे नाही, ते कोरडेच बसवायचे. याउलट चाकाच्या दात्यांना मात्र पातळ ग्रीस हवेच. डावे-उजवे हब अदलाबदल झाले तर मधला ठोकायचा नट चालता चालता सुटतो. स्पोक सैल असतील तर टिचकीचा आवाज बसका येतो.

ब्रेकला कंजूषी नको. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर खड्डे असतात. घासून मोठे करण्यापेक्षा स्टेनलेसची बाही बसवून मूळ मापाला आणा. रबरी नळ्या सगळ्या नव्या, धातूच्या तांबे-निकेलच्या. मास्टर सिलिंडर एकच, सर्किट एकच, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. हँडब्रेक शोभेचा राहू देऊ नका. डॉट ४ तेल दमट हवेतला ओलावा पिते. मुंबई-कोकणात गाडी राहणार असेल तर दर वर्षी बदला, पुण्यात दोन वर्षांनी.

पेट्रोलचा विचार इंग्लंडच्या पुस्तकांत सापडणार नाही, कारण आपल्या पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आहे. पूर्वी पेट्रोलमध्ये असणाऱ्या शिशाची चिंता सोडा, ६.५ कॉम्प्रेशनच्या इंजिनाला शांत चालीत त्याची गरज नाही. चिंता इथेनॉलची. जुने रबर फुगते, पेट्रोल कॉकमधले बूच आकसते, टाकीच्या आतले जुने सीलर पापुद्र्यांनी सुटून एसयू पंपाच्या (विजेवर चालणाऱ्या पेट्रोल पंपाच्या) जाळीत बसते. नळ्या व्हायटॉनच्या (इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या) घ्या, टाकीतले जुने सीलर पूर्ण काढा. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होते. शुद्ध पेट्रोलला वजनात १४.७ पट हवा लागते, ई२०ला १३.५च्या आसपास. म्हणून दोन्ही कार्बुरेटरचे जेट सारखेच थोडे खाली उतरवा आणि प्लगचा रंग बघा. पांढरा म्हणजे अजून पातळ. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा, इथेनॉल पाणी ओढून घेते आणि ते तळाशी वेगळे होऊन पत्रा खाते. बंद पडलेला एसयू पंप बहुतेकदा मेलेला नसतो, त्याचे पॉइंट काळे पडलेले असतात. कागदाने पुसले की टिकटिकायला लागतो.

वायरिंग १२ व्होल्टचे. जुने कापडी वेष्टन बोटांत चुरा होत असेल तर तुकड्यातुकड्याने दुरुस्ती नको, पूर्ण नवी माळ. बॅटरी लावण्याआधी कोणते टोक चासीला आहे ते बघा. आजची सवय म्हणून निगेटिव्ह जोडू नका. नवे स्वस्त कंडेन्सर गरम झाले की मरतात, एक जादा गाडीत असू द्या.

पहिला स्टार्ट: प्लग काढा, तेलाच्या गेजच्या जोडातून पिचकारीने तेल आत ढकला, मग हँडलने फिरवत राहा, गेज हलेपर्यंत. पंप कोरडा असताना स्टार्टर मारला तर सगळे व्हाइट मेटल अर्ध्या मिनिटात गमावाल. पहिल्या ८०० किमीत २,५०० फेऱ्यांच्या वर जाऊ नका, म्हणजे ताशी ६५-६७. इंजिनवर लोडही नको, चौथ्या गिअरमध्ये रखडत चढ चढवणे जास्त फेऱ्यांपेक्षा वाईट. ४०० किमीला तेल बदला, हेडचे नट थंड इंजिनावर पुन्हा आवळा, टॅपेट परत लावा.

राहिला टीसीच्या इंजिनचा प्रश्न. ते चांगले इंजिन आहे, भाग सहज मिळतात, इंग्लंडात कित्येक टीएंमध्ये ते बसलेले आहे. पण ते एकटे येत नाही. क्लच कोरडा, गिअरबॉक्स वेगळी, ॲक्सलचे गुणोत्तर ५.१२५ वेगळे. शेवटी हातात येते ती ना धड टीए, ना टीसी. शिवाय आपल्याकडे आणखी एक अडचण. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००. त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल झालेला नसावा. जुना नोंदणी क्रमांक चालू असेल तर तो ठेवता येतो. म्हणून एमपीजेजीचा ब्लॉक तडकलेला निघाला तरी तो भंगारात देऊ नका. ओतीव लोखंडाला थंड स्टिचिंगने, वेल्डिंगशिवाय टाके घालता येतात, आणि बोअरला लायनर बसवता येतात. आरसी बुकावरचा इंजिन नंबर आज, काम सुरू होण्यापूर्वी, ब्लॉकवरच्या नंबरशी ताडून पाहा. जुळत नसेल तर पुढचा पैसा खर्च करण्याआधी आरटीओत जाऊन या.